ओपनएलसीए: हिशेब पक्का करतं, तुलना कशाशी ते विचारत नाही

एखाद्या वस्तूमुळे किती हरितगृह वायू टळले, हे कच्च्या मालापासून भंगारापर्यंत मोजायचं असेल तर ग्रीनडेल्टा या बर्लिनच्या कंपनीचं ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर कामाला पुरतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, परवान्याला पैसे नाहीत. कच्चा माल, वीज, वाहतूक यांच्या उत्सर्जनाच्या आकड्यांचा डेटाबेस मात्र वेगळा आणावा लागतो. त्यातला इकोइन्व्हेंट हा मोठा संच विकत घ्यावा लागतो. फुकटचे संच आहेत, पण त्यांत भोकं बरीच. परिणाम मोजायच्या पद्धतींचं (कोणत्या वायूला किती गुणक लावायचा याच्या याद्यांचं) पॅक डेटाबेसमध्ये नसेल तर तेही आधी आयात करायचं.

८०० लुमेनच्या दिव्याचं उदाहरण घेऊ. कार्यात्मक एकक, म्हणजे तुलनेचं समान माप, ‘८०० लुमेन प्रकाश, १५,००० तास’. ९ वॅटचा, १५,००० तास टिकणारा एलईडी धरला तर एक दिवा आणि १३५ युनिट वीज. ६० वॅटचे, हजार तास टिकणारे जुने बल्ब धरले तर पंधरा बल्ब आणि ९०० युनिट. दोन्हींच्या प्रोसेस (काय लागतं, काय बाहेर पडतं याच्या नोंदी) बनवायच्या, प्रत्येकीची प्रॉडक्ट सिस्टिम (मागच्या सगळ्या प्रोसेसची जोडलेली साखळी), मग एका प्रोजेक्टमध्ये दोन पर्याय म्हणून शेजारी ठेवायच्या. विजेचा फरक ७६५ युनिट, युनिटमागे ०.५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर सुमारे ३८२ किलो. आता बल्बच्या जागी १४ वॅटचा सीएफएल ठेवा: २१० युनिट, फरक उरतो ७५ युनिट, म्हणजे साडेसदतीस किलो. दिवा तोच, आकडा दहाव्या हिश्श्यावर. आज तो एलईडी नसता तर ग्राहकाने खरंच काय घेतलं असतं, हे ठरवणं सर्वस्वी आपल्या गळ्यात. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही.

विजेचा गुणक (युनिटमागचं उत्सर्जन) प्रोजेक्टच्या पातळीवर पॅरामीटर, म्हणजे बदलता येणारा आकडा, म्हणून ठेवावा. पुढच्या काही वर्षांत वीज स्वच्छ होत गेली तर बचत घटते, आणि एकच गुणक सगळ्या तासांना लावला की आकडा फुगतो.

सगळ्यात घातक जागा म्हणजे आउटपुटच्या तक्त्यातला ‘अव्हॉइडेड प्रॉडक्ट’चा (टळलेल्या उत्पादनाचा) चौकोन. नाव वाचून नवखा माणूस इथेच टिक मारतो. तो चौकोन उपउत्पादनांसाठी आहे: बायोगॅस संयंत्राची मळी रासायनिक खताची जागा घेते, तेव्हा त्या खताचं उत्सर्जन वजा करायला. एलईडीच्या प्रोसेसमध्ये बल्बवर टिक मारली आणि वर दोन पर्यायांची वजाबाकीही केली, तर तीच बचत दोनदा मोजली जाते.

दुसरी खोट जोडण्यांची. इनपुटला प्रोव्हायडर (ते पुरवणारी प्रोसेस) नसेल तर त्यामागचं उत्सर्जन गुपचूप शून्य धरलं जातं. एलईडीची वीज अशी सुटली की दिवा जवळपास निष्पाप ठरतो. म्हणून मॉडेल ग्राफ उघडून प्रत्येक मोठी जोडणी डोळ्यांनी पाहायची. आणि एकाच फ्लोला (वस्तू किंवा ऊर्जेच्या प्रवाहाला) चार प्रोव्हायडर असतील तर डीफॉल्ट आपण नेमून द्यायचा. दोन डेटाबेस एकत्र केले की आणखी एक घोळ: नाव सारखं पण ओळखक्रमांक वेगळा असलेला मिथेन परिणाम मोजायच्या पद्धतीत सापडत नाही, म्हणून मोजलाच जात नाही. जीवाश्म मिथेनचा शंभर वर्षांचा गुणक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो) हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालात २९.८ आहे, तेव्हा ही गळती लहान नाही.

कॉन्ट्रिब्युशन ट्री (कोणत्या टप्प्याचा किती वाटा) आणि सँकी आकृती (वाट्यानुसार जाड-बारीक प्रवाह) मात्र झकास. आकडा कुठून आला ते दोन मिनिटांत उलगडतं. अशा सोयीसाठी बाकीचा त्रास आम्ही माफ करतो. इकोइन्व्हेंटसारखा मोठा संच उघडताना मेमरीची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा, नाहीतर गणित मध्येच कोसळतं.

शेवटची वजाबाकी एक्सेलमध्ये करून वेगळ्या रकान्यात लिहावी. टळलेलं उत्सर्जन कंपनीच्या स्वतःच्या स्कोप १, २, ३ मधून (थेट, विकत घेतलेल्या ऊर्जेच्या आणि मागच्या-पुढच्या साखळीतल्या उत्सर्जनातून) वजा करायचं नसतं.