"टर्बो गेला" म्हणाले, आणि हजाराच्या आतल्या स्कॅनरने खरं दाखवलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी टर्बो डिझेल गाडी अचानक ओढेनाशी झाली आणि वर्कशॉपवाल्याने टर्बोचं एस्टिमेट हातात दिलं, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. एवढ्यासाठीच लिहितेय.

माझी गाडी २०१४ ची, १.३ लिटर डिझेल. रोजचं खानापूर-बेळगाव, आणि अधूनमधून जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्यात सांखळीला माहेरी. परत येताना चोर्ला घाट चढायला लागले की तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही काटा दोन हजार आरपीएमच्या वर सरकेना. मागून काळा धूर, चेक इंजिनचा दिवा चालू. सपाट रस्त्यावर चालवलीत तर काही झालंय असं वाटणारही नाही, म्हणून तर बेळगावात कुणाला पटत नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला दिली. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) साफ केला आणि बिल लावलं. घाटात गाडी तशीच. परत नेली तर म्हणे, "मॅडम, कोड टर्बोचाच आहे. टर्बो बदलावा लागणार." साठ हजारांच्या पुढचा आकडा. सांखळीचा भाऊ पिकअप चालवतो, त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं की आधी बूस्ट, म्हणजे टर्बो हवेला देतो तो जादा दाब, किती येतोय ते मोजून दाखवा म्हण. तसं म्हटलं. उत्तर आलं, "गाडी जुनी झाली ना मॅडम." गाडीचं वय मलाही माहीत आहे. मी दाबाचा आकडा विचारत होते, आणि साठ हजार मागणाऱ्याने तो दाखवायलाच हवा. गाडी उचलून घरी आणली आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र, मागवला.

पहिल्या दिवशी मत वाईटच झालं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये घातला, मोबाइलवरच्या ॲपला जोडला, कोड वाचला: पी०२९९. तोच, जो सर्व्हिस सेंटरने सांगितला होता. वाटलं, पैसे पाण्यात गेले. पण त्या कोडचा अर्थ नीट बघा. इंजिनाने मागितला तेवढा बूस्ट मिळत नाहीये, एवढंच तो सांगतो. का मिळत नाही, हे तो सांगत नाही. फाटका पाइप, चोंदलेला एअर फिल्टर, व्हॅक्यूमची नळी, सेन्सर, टर्बो, यातलं काहीही असू शकतं. कोडच्या नावात टर्बो आहे म्हणून टर्बो बदला, हे निदान नव्हे.

खरा उपयोग लाइव्ह डेटाचा, म्हणजे गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांचा आहे, आणि तिथेच या ॲपचा मला सगळ्यात खटकलेला दोष आहे. त्यात टर्बो बूस्टचा गोल काटा आहे, दिसायला छान. बेळगावात इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तरी तो उणे ०.०९ बार दाखवतो! बंद इंजिनात उणे बूस्ट कुठून येणार? कारण सरळ आहे. ॲप समुद्रसपाटीचा दाब धरून वजाबाकी करतं, आणि बेळगाव आहे साडेसातशे मीटर उंचीवर. इथे हवेचाच दाब ९२-९३ किलोपास्कल, सांखळीत उतरलं की १०१ च्या आसपास. म्हणजे आपल्या भागात हा काटा प्रत्येक वेळी बूस्ट कमी सांगणार आणि चांगला टर्बोही अशक्त दिसणार. सेटिंगमध्ये खूप शोधलं, बदलता येत नाही. ज्याने हे बनवलं त्याने गाडी कधी डोंगरावर नेली नसावी. घाटमाथ्यावरच्या कुणीही तो काटा बघूच नये.

त्याऐवजी एमएपीचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या एकूण दाबाचा, साधा आकडा किलोपास्कलमध्ये लावा. आधी चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून बघा. हवेच्या दाबाइतका आला तर सेन्सर बहुधा ठीक. नंतर चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून. जागेवर रेस करून काही कळत नाही, इंजिनावर ओझं पाहिजे. मी चालवत होते आणि मुलगा शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होता. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही, घाटात तर नाहीच.

दोन हजार आरपीएमला एमएपी १३० च्या वर जाईना. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, मात्र हजार बारच्या पुढे व्यवस्थित, म्हणजे डिझेल पोचत होतं, फिल्टर उगाच बदलला. आणि एमएएफ, म्हणजे इंजिनाकडे निघालेली हवा मोजणारा सेन्सर, सेकंदाला ४० ग्रॅम दाखवत होता. १.३ लिटरच्या इंजिनाला त्या आरपीएमला एवढी हवा १३० च्या दाबात मावत नाही. टर्बो मेला असता तर हवाही कमी आली असती आणि दाबही. ईजीआर उघडा अडकला असता तर एमएएफच पडला असता. इथे हवा येतेय, मोजली जातेय, आणि वाटेत कुठेतरी निसटतेय. काळ्या धुराचाही उलगडा झाला: मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल पडत होतं, हवा मात्र सिलिंडरपर्यंत पोचत नव्हती.

वही घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत एका मेस्त्रींकडे गेले. त्यांनी आकडे बघितले, गाडी लिफ्टवर घेतली आणि टर्बोकडून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपच्या खालच्या अंगाला हात घातला. "ताई, हे बघा की." वरून पाइप अगदी धड. खाली, जिथे तो ब्रॅकेटला घासत होता, तिथे तेलकट ओल आणि त्यावर जांबोटी रस्त्याची तांबडी धूळ चिकटलेली. पुसल्यावर केसाएवढी रेघ दिसली. त्यांनी पाइप वाकवला तशी ती उघडली, माझं नख आत गेलं. जागेवर ही चीर मिटलेली असते, दाब आला की उघडते. म्हणून रेस करून बघणाऱ्यांना ती सापडली नाही.

पाइप, क्लिपा, मजुरी, सगळं मिळून तीन हजारांच्या आत. त्याच घाटात, त्याच गिअरला एमएपी दोनशेच्या वर गेला, एमएएफ जवळपास तोच. धूर गेला, ॲव्हरेजही सुधारलं. ईजीआर साफ केल्याचे पैसे मागायला सर्व्हिस सेंटरला गेले होते. काम केलंय म्हणून परत दिले नाहीत. तो विषय मी सोडलेला नाही, लेखी तक्रार दिली आहे.

त्यानंतर पावसात एकदा पुन्हा ओढ कमी झाली. या वेळी एमएएफ आणि एमएपी दोन्ही खाली. एअर फिल्टर काढला तर कागद कणकुंबीच्या पावसाने ओला होऊन फुगलेला. नवीन घातला, मिटलं. तेव्हापासून स्कॅनरबद्दलची माझी तक्रार बरीच निवळली, त्या काट्याची सोडून.

आणखी एक त्रास आहे: याला स्विच नाही. सॉकेटमध्ये राहिला की गाडी बंद असतानाही बॅटरी खातो. जुनी बॅटरी असेल आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सेल्फ मारणार नाही, म्हणून काम झालं की काढून ठेवायचा. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे याने वाचता येत नाहीत. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथचा घेऊ नये, जोडला जात नाही. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी सगळे आकडे येतीलच असं नाही. तुमची गाडी त्यातली असेल तर आधी कुणाचा तरी मागून लावून बघा, एमएपी आणि एमएएफ दोन्ही दिसले तरच पैसे घाला.