लिनिस: पावसाळ्यापासून वापरतोय, सर्व्हरच्या झडतीचा अनुभव

लातुरात कुठल्याही गोष्टीला मार्क लागतात. ज्यांचा सर्व्हर मी सांभाळतो त्या क्लासच्या सरांना त्याचा ऑडिट (सुरक्षेच्या तपासणीचा) रिपोर्ट दाखवला, तर पहिला प्रश्न, "किती पडले?" म्हटलं, शंभरपैकी ६२. पोरगं नीटमधून उडाल्यासारखा चेहरा केला त्यांनी. खरं तर नव्या कोऱ्या उबुंटूलाही (सर्व्हरवरची लिनक्स सिस्टीम) माझ्याकडे साठीच्या आसपासच पडतात.

हे मार्क देणारं अवजार म्हणजे लिनिस. मायकेल बोलेन यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं, ओपन सोर्स, फुकट. सगळं शेल स्क्रिप्टमध्ये (साध्या कमांडच्या फाइलींत) आहे, त्यामुळे इन्स्टॉल न करता फोल्डर उतरवून तसंच चालवता येतं. ते स्वतः कुठलीही सेटिंग बदलत नाही, फक्त बघतं आणि सांगतं. म्हणून भर कामाच्या वेळेतही बिनघोर चालवतो. लाईटचा भरवसा नसल्याने टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम), एवढंच.

सगळ्यात जास्त कामाला आलेली सूचना म्हणजे रीबूटची, तिचा नंबर केआरएनएल-५८३०. मोंढ्यातल्या आडतीचे सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणारा एक सर्व्हर माझ्याकडे आहे. त्यावर अपडेट आपोआप होतात, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) डिस्कवर येऊन पडतो आणि रीबूट होईपर्यंत मशीन जुन्यावरच चालत राहतं. आडतवाल्यांचं म्हणणं, सौदे चालू असताना हात लावायचा नाही. तेही बरोबरच आहे. आता रात्रीची वेळ ठरवून टाकली.

एसएसएचबद्दल (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सुरक्षित वाट) ते भरपूर बोलतं. पासवर्डचे प्रयत्न सहावरून तीनवर आणा, एक्स-११ फॉरवर्डिंग (सर्व्हरवरच्या खिडक्या दुरून दाखवणं) बंद करा, हे लगेच केलं. टीसीपी फॉरवर्डिंग (एसएसएचमधून दुसऱ्या पोर्टकडे वाट काढणं) बंद करा म्हणालं, ते मात्र ऐकलं नाही. मारियाडीबी या डेटाबेसचा ३३०६ पोर्ट (नेटवर्कचं दार) मी बाहेरून बंद ठेवलाय आणि लॅपटॉपवरून एसएसएच टनेलने आत जातो. तो रस्ता बंद केला की उद्या कुणीतरी घाईत ३३०६ च उघडा करणार. लिनिसच्या कस्टम प्रोफाइलमध्ये (आपल्या सेटिंगच्या फाइलीत) तेवढीच उपतपासणी वगळता येते, अख्खी एसएसएचची तपासणी नाही. शेजारी कारण लिहून ठेवलं. पीएचपीतलं 'अलाऊ यूआरएल एफओपन' (वेबसाइटच्या कोडला बाहेरचे पत्ते उघडू देणारी सेटिंग) त्याच्या सांगण्यावरून बंद करण्याआधी कोड चाळून बघा. आमच्याकडे एसएमएस पाठवणारा जुना कोड त्यावरच चालत होता.

ग्रबला (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड, यूएसबी ड्रायव्हर बंद, होम आणि टेम्प फोल्डरला वेगळं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग), या सूचना भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) मी सरळ वगळतो. नव्वद मार्कांच्या हट्टापायी चालू मशीनचं पार्टिशन मोडायला बसणाऱ्याला नमस्कार.

आता त्याला न दिसणाऱ्या गोष्टी. फायरवॉल चालू म्हणून हिरवं 'ओके' मिळालं होतं. पण आधीच्या कंत्राटदाराने डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं अवजार) डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं पीएचपीमायअ‍ॅडमिन चढवून पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवला होता. डॉकर आपले नियम आयपीटेबल्समध्ये (कर्नलच्या फायरवॉलच्या नियमांत) स्वतः घालतो, यूएफडब्ल्यूची (उबुंटूच्या फायरवॉलची) नाकाबंदी तिथे लागू होत नाही. ऐकणारे पोर्ट लिनिस रिपोर्टच्या फाइलमध्ये नोंदवतं, पण त्यावर बोट ठेवत नाही. उघडे पोर्ट दाखवणाऱ्या 'एसएस' कमांडची यादी स्वतः वाचली तेव्हा सापडलं. पोर्ट १२७.०.०.१ ला (म्हणजे फक्त त्याच मशीनला) बांधला आणि विषय संपवला.

दुसरी गोष्ट तब्येतीची. चाचणीच्या निकालाच्या दिवशी क्लासची साइट 'जागा शिल्लक नाही' म्हणायला लागली, आणि डिस्क तर अर्धी रिकामी! डिस्कची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ'ला 'आय' लावून बघितलं तर आयनोड (फाइलींच्या नोंदींची जागा) शंभर टक्के भरलेले. सेशनचा (लॉगिनच्या तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर कोडमध्येच वेगळा दिला होता. उबुंटूचा सफाईचा टायमर फक्त पीएचपीच्या सेटिंगमधल्या जागा झाडतो, त्यामुळे इथे बारक्या फाइलींचा ढीग साचत गेला. यावर लिनिसचा चकार शब्द नाही, आणि ते त्याचं कामही नाही. त्यासाठी वेगळं मॉनिटरिंग लावा.

तिसरी गोष्ट लॉगची (सर्व्हरच्या नोंदींची). सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. उबुंटूवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे लॉग मुळात रोज नव्या फाइलीत फिरतात आणि जुन्या १४ च फाइली राहतात. हा हिशोब लिनिस करत नाही, लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटमध्ये आपणच आकडा बदलायचा. वर्डप्रेसच्या प्लगइनांतली भोकंही त्याच्या कक्षेबाहेर.

सध्या आठवड्यातून एकदा क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतं. मागच्या रिपोर्टशी डिफ (फरक) काढून फक्त नव्या ओळी मेलवर येतात. बहुतेक आठवडे काहीच नसतं, तर कधी कुणीतरी गुपचूप चढवलेली एखादी सर्व्हिस हाती लागते. घ्यायचं असेल तर गिटवरून (मूळ कोडच्या साठ्यातून) घ्या. उबुंटूच्या रेपोतली (पॅकेजच्या साठ्यातली) आवृत्ती मागे असते, आणि मग ते स्वतःच्याच म्हातारपणाची तक्रार रिपोर्टात करत बसतं.