कार्पल टनेलची शस्त्रक्रिया : इंदूरमधील अनुभव
रामबागेत राहणाऱ्या माझ्या आईला वर्षभर रात्री उठून उजवा हात झटकावा लागत असे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होई, करंगळी मात्र शाबूत राही, आणि पुढे तर पोळी करताना लाटणे हातातून निसटू लागले. आधीच्या एका दवाखान्यात मानेचे दुखणे समजून सहा महिने वाया गेले, याची खंत आजही वाटते.

शस्त्रक्रिया जेथे झाली त्या रुग्णालयातील डॉक्टरांनी आधी नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश नीट जातो का हे पाहणारी) करून घेतली, मनगटातील आडव्या अस्थिबंधाखालच्या (लिगामेंटखालच्या) अरुंद बोगद्यात, म्हणजे कार्पल टनेलमध्ये, मीडियन नर्व्ह ही बोटांकडे जाणारी नस कशी दबते हे कागदावर चित्र काढून समजावले आणि अंगठ्याखालचा स्नायू झिजू लागल्याने केवळ रात्री मनगटाला बांधायच्या पट्ट्यावर थांबणे योग्य नाही, हे स्पष्ट सांगितले. फक्त हात बधिर करून तो अस्थिबंध कापला आणि आई संध्याकाळी घरी आली. मुंग्या पहिल्याच रात्री थांबल्या. बाराव्या दिवशी टाके निघाले.

तळव्याच्या बुडाशी दाबल्यावर होणारी वेदना मात्र तीन महिने टिकली. ती अपेक्षित असते, हे घरी पाठवतानाच कुणीतरी सांगायला हवे होते. झिजलेला स्नायू पूर्ण भरून येईल अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. ब्लाउजचे हुक आई आता स्वतः लावते.