बारशाला चांदीचा चमचा की सुती दुपटी?

कळव्याच्या वहिनींना भाचीच्या बारशाची भेट 2,000 रुपयांत बसवायची आहे.

खर्च: चांदीच्या भावावर घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी चढतो. मोडताना हे दोन्ही परत मिळत नाहीत, त्यामुळे ‘गुंतवणूक होते’ हे म्हणणं एवढ्याशा चमच्याला लागू नाही. घ्यायचाच तर हॉलमार्क बघून घ्या. 925 म्हणजे 92.5 टक्के चांदी. त्याच पैशांत ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला दुपटी-झबल्यांचा चांगला गठ्ठा येतो.

टिकाऊपणा: चमचा जन्मभराचा. हवेतल्या गंधकाने काळवंडतो, पण पुसला की उजळतो. झबली दोन-तीन महिन्यांत आखूड होतात, म्हणून सहा महिन्यांच्या मापाचीच घ्यावीत. दुपटी वर्षभर सहज चालतात.

वापर: इथे मला शंकाच नाही. ठाण्याच्या पावसात फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात आणि बाळ दिवसातून कितीदा भिजवतं! तेव्हा प्रत्येक जादा दुपटं त्या आईला हवंच असतं.

पहिलं बाळ असेल, तर दुपटी. घरात थोरल्याचे कपडे असतील किंवा भावंडं मिळून वर्गणी काढणार असाल, तर चांदी. मग चमच्यासोबत वाटीही जमेल. वहिनींची भाची घरातलं पहिलंच बाळ आहे, त्यांनी दुपटीच न्यावीत, एकदा धुऊन.