ठसा चुकलेलं नाणं: ऑनलाइन बोलीत घ्यावं की हातात धरून?

सोलापुरात बसून एरर नाणी, म्हणजे टांकसाळीत चुकून बाहेर पडलेली नाणी, जमवायची तर दोन वाटा. मोबाइलवर लिलावात बोली लावायची, नाहीतर सराफ कट्ट्यावर ओळख काढायची आणि अधूनमधून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याचं कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन गाठायचं. कुठली वाट धरायची हे कोणता दोष हवाय त्यावर ठरतं.

ब्रोकेज हवं असेल तर लिलावच. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, आत दबलेली प्रतिमा उमटते, ते ब्रोकेज. सराफाकडे मोडीत येतात ते राणीछाप, जॉर्जचे रुपये आणि नळदुर्गापर्यंत निजामाचं राज्य असल्यामुळे चारमिनारवाले हाली रुपये. त्यात ब्रोकेज निघालं तर नशीब! लिलावाच्या एका कॅटलॉगमध्ये अशी बरीच सापडतात. बनावटही असतात. दोन नाणी शिकंज्यात दाबूनही उलटी प्रतिमा उमटते, पण मग दुसरी बाजू चेपते. म्हणून दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, शिवाय वजन मागावं. नाणं कडेला तुटलं असेल तर समोरची कड बघा. चकतीच मुळात अर्धवट कापली गेली असेल तर तिथली किनार बहुधा पुसट उठते. नंतर कानशीने घासलं असेल तर किनार ठणठणीत राहते.

डाय रोटेशनचं, म्हणजे एका बाजूचा ठसा फिरून बसण्याचं, उलटं आहे. फोटो काढणारा प्रत्येक बाजू सरळ करूनच फोटो काढतो, त्यामुळे ठसा किती फिरलाय ते फोटोत कळतच नाही. आपल्या आजच्या नाण्यांत एक बाजू सरळ धरून नाणं डावीकडून उजवीकडे उलटलं की दुसरी बाजूही सरळच दिसायला हवी. हातात नाणं असेल तर क्षणाचं काम. ऑनलाइन घ्यायचं तर व्हिडिओ मागा. डबल डाय, म्हणजे ठशावरच दुहेरी उमटलेली अक्षरं, हीही भिंगाखालीच बघावीत. अक्षरांशेजारी सपाट पायरी दिसली तर बहुतेक वेळा ठसा नुसता ठोकताना हललेला असतो, आणि त्याला वेगळी किंमत देऊ नये.

‘एरर शिवराई’ अशी जाहिरात दिसली की मी सरळ पुढे जातो. हातोड्याने ठोकलेल्या नाण्यावर छाप सरकलेलीच असायची. 1911 चा ‘डुक्कर रुपया’सुद्धा ठशाची चूक नव्हे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून बोंब झाली आणि 1912 ला चित्र सुधारलं. नाणं मात्र घेण्याजोगं आहे.

किमतीत लिलाव फसवा वाटतो. समजा बोली 4,000 वर थांबली आणि प्रीमियम (लिलाववाल्याचं कमिशन) 15 टक्के असला, तर 600 वाढले. वर कर आणि कुरिअर. सराफाकडे चांदीच्या भावावर थोडं चढवून काम होतं, पण पावती आणि परतीची हमी क्वचितच मिळते. लिलाव नामांकित असेल तर खोट्या नाण्याबद्दल दाद मागता येते, अटी मात्र आधी वाचाव्यात.

जुन्या नाण्याचे लाखो देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांशी बोलूच नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे व्यवहार चालतात, असा इशारा बँकेनेच 2021 मध्ये दिलाय. पुढे परदेशी लिलावात विकायचा बेत असेल, तर 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणीही येतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. डुक्कर रुपयाचं गिऱ्हाईक इथेच शोधावं लागेल.