डॅशबोर्ड हिरवा, फॉर्म बी खोटा: कंप्लायन्स सॉफ्टवेअरच्या पॅकेजमधली फसवणूक

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कारखान्यात घडलेला हा प्रकार आहे. कारखान्याचं आणि विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण फसवणुकीची पद्धत सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी कुठेही जशीच्या तशी चालेल अशी आहे. हॉस्पिटल, शाळा, मॉल, मोठ्या सोसायट्या, सगळ्यांनी ती नीट समजून घ्यावी.

विक्रेत्याने दोन गोष्टी एकत्र विकल्या. एक, फॅसिलिटी मॅनेजमेंटचं, म्हणजे देखभालीची कामं आणि प्रमाणपत्रांच्या तारखा सांभाळणारं सॉफ्टवेअर, तीन वर्षांचे पैसे आगाऊ. दुसरी, त्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारी सगळी सर्टिफिकेटं ‘आम्हीच आणून देऊ’ ही हमी: फायरचा फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र), एक्स्टिंग्विशरचं (आग विझवायच्या सिलेंडरचं) रिफिलिंग, क्रेन आणि एअर रिसीव्हरची (दाबाखालच्या हवेच्या टाकीची) तपासणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचं नूतनीकरण. मध्यम कारखान्यात ही सगळी कामं एकाच मेंटेनन्स मॅनेजरच्या गळ्यात असतात. ब्रेकडाउन सोडून तो तारखा कधी बघणार? त्यामुळे असं पॅकेज कोणालाही हवंहवंसं वाटतं. पण काम करणारा आणि काम झालं की नाही हे तपासणारा एकच झाला, तर तपासणी उरतच नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

प्रकार उघडकीला आला तो एका कार्बन डायऑक्साइड एक्स्टिंग्विशरमुळे. या प्रकाराला प्रेशर गेज नसतं. तो भरलेला आहे की नाही, हे फक्त वजन करूनच कळतं. ग्राहक कंपनीचा ऑडिटर पॅनल रूमजवळ थांबला आणि त्याने वजनाची नोंद मागितली. टॅगवर रिफिलिंगची ताजी तारीख होती, सॉफ्टवेअरमध्ये त्या कामाचं तिकीट (कामाची नोंद) ‘पूर्ण’ होतं, पण वजन कुठेच लिहिलेलं नव्हतं. सिलेंडर डिस्पॅचच्या काट्यावर ठेवला. मानेवर कोरलेलं रिकामं वजन ११.४ किलो, त्यात ४.५ किलो गॅस, म्हणजे काट्यावर १५.९ किलो यायला हवे होते. आले १३.६. भरलेल्या गॅसच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ४.५ किलोच्या सिलेंडरमध्ये ४५० ग्रॅमपेक्षा जास्त, दिसली की तो रिफिलिंगला काढायचा असतो. इथे निम्मा गॅस गायब होता. वजन करताना एक काळजी घ्या: कोरलेलं वजन होज आणि हॉर्न (नळी आणि तिच्या टोकाचा भोंगा) यांच्यासकट धरलंय की त्यांच्याशिवाय, ते आधी बघा, नाहीतर चांगला सिलेंडरही नापास ठरेल.

मग फॉर्म बी बाहेर काढला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तसं प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं. कारखान्याकडच्या फॉर्मवर लेटरहेड होतं, शिक्का होता, परवाना क्रमांकही होता. तो क्रमांक खऱ्या एजन्सीचा निघाला, पण त्या एजन्सीने या कारखान्यात कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. लेटरहेड स्कॅन करून वापरलं होतं आणि त्यावरचा मोबाईल नंबर विक्रेत्याच्याच माणसाचा होता. म्हणून सांगतो, पडताळणीसाठी फोन करताना प्रमाणपत्रावरचा नंबर कधीही वापरू नका. महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजन्सींची यादी असते. नंबर तिथून घ्या. परवान्याची मुदत बघा आणि तो नेमक्या कोणत्या कामासाठी दिलाय तेही बघा.

खोटा रिपोर्ट वाचूनही ओळखता येतो. खऱ्या तपासणीत आकडे असतात: जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप) किती दाबाला चालू झाला, किती दाबाला बंद झाला, मेन पंप आपोआप चालू झाला का, सगळ्यात लांबच्या हायड्रंट पॉइंटवर (आगीसाठीच्या पाण्याच्या नळावर) किती दाब मिळाला, कोणत्या झोनमधले किती डिटेक्टर तपासले. खोट्या रिपोर्टमध्ये प्रत्येक ओळीसमोर फक्त ‘ओके’. या कारखान्याच्या रिपोर्टमध्ये तर भंगारात गेलेल्या एक्स्टिंग्विशरचे सिरियल नंबरही ‘ओके’ होते, कारण यादी जुन्या एक्सेलमधून उचललेली होती.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. इतके महिने डॅशबोर्ड हिरवा कसा राहिला, हे समजलं तर अर्धी फसवणूक डेमोच्या वेळीच पकडता येते.

पहिली गोष्ट, हिरवा रंग कशाला येतो? इथे तो ‘तिकीट बंद झालं’ याला येत होता, ‘वैध प्रमाणपत्र हातात आहे’ याला नाही. प्रमाणपत्राची फाइल जोडल्याशिवाय तिकीट बंद होऊ नये, अशी अट सेटिंगमध्ये टाकलेलीच नव्हती. वर देय तारखेला तिकीट आपोआप बंद करणारा नियम लावून ठेवला होता. तो लावायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिन लॉगिनला होता, आणि ते लॉगिन विक्रेत्याकडे. स्मरणाचे ईमेलही त्याच्याच पत्त्यावर जात होते.

दुसरी गोष्ट, टक्केवारी. विक्रेत्याने ‘तयार कंप्लायन्स लायब्ररी’ (नियमपालनाच्या कामांची तयार यादी) म्हणून १२० नोंदी टाकल्या. त्यातल्या ७० या कारखान्याला लागूच नव्हत्या. बॉयलर नसताना बॉयलरची तपासणी, पेट्रोलियम साठा नसताना त्याचा परवाना. या सगळ्या ‘पूर्ण’ दाखवल्या होत्या. लागू असलेल्या ५० पैकी १२ थकलेल्या असूनही डॅशबोर्ड ९० टक्के दाखवत होता. खरा आकडा ७६ टक्के. लागू नसलेली नोंद ‘लागू नाही’ या वेगळ्या खान्यात गेली पाहिजे, त्यामागचं कारण लिहिलेलं पाहिजे, आणि टक्केवारीच्या हिशेबातून ती पूर्ण वगळली पाहिजे.

तिसरी गोष्ट तारखांची, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण इथला घोळ प्रामाणिक विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्येही सापडतो. फॉर्म बी ‘दर १८० दिवसांनी’ असा लावला होता. ५ जानेवारीला काम झालं तर पुढची तारीख ४ जुलै येते, त्यापुढची ३१ डिसेंबर. झालं, जानेवारी हुकला. फॉर्म बी महिन्याला बांधलेला आहे, त्यामुळे तो जानेवारी आणि जुलै या ठरलेल्या महिन्यांवरच लावायचा, दिवसांच्या अंतरावर नाही.

एअर रिसीव्हरचं उलट आहे. त्याची बाह्य तपासणी सहा महिन्यांच्या आत पुन्हा व्हायला हवी, म्हणजे मोजणी मागच्या तपासणीपासून. सॉफ्टवेअर मात्र तिकीट बंद झालेल्या दिवसापासून मोजत होतं. तपासणी १० मार्चला झाली, प्रमाणपत्र २ एप्रिलला अपलोड झालं, तिकीट त्याच दिवशी बंद. पुढची तारीख आली २ ऑक्टोबर. खरी तारीख होती १० सप्टेंबर. मधले २२ दिवस मुदत उलटलेली, आणि स्क्रीनवर हिरवं. यावर उपाय साधा आहे: ‘तपासणीची तारीख’ आणि ‘वैधता संपण्याची तारीख’ असे दोन रकाने प्रमाणपत्रावरून हाताने भरायचे आणि पुढचं वेळापत्रक फक्त त्यांवरून काढायचं. उचलण्याच्या साधनांना, म्हणजे क्रेन, चेन ब्लॉक, स्लिंग यांना, वर्षाची मुदत असते; तिथेही मोजणी तपासणीच्या तारखेपासूनच.

घातक कचऱ्याचंही तसंच. तो आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, असा २०१६ च्या नियमांचा दंडक आहे. सॉफ्टवेअरमध्ये उचल ‘तिमाही’ लावली होती. जुलै ते सप्टेंबर ही तिमाही ९२ दिवसांची होते. त्याच नियमांखालचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण संरक्षण नियमांखालचं पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत, या तारखा पक्क्या असतात. त्यांना ‘दर वर्षी, मागचं काम झाल्यापासून’ असं कधीच लावू नये.

शिवाय कायदे बदलतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने घेतली. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला. लायब्ररीतल्या प्रत्येक नोंदीसमोर कायदा, नियम आणि ती नोंद शेवटची कधी तपासली याची तारीख मागा. या विक्रेत्याच्या यादीत हे रकानेच नव्हते.

पैशांचा भाग थोडक्यात. संमतीपत्राच्या नूतनीकरणाची ‘सरकारी फी’ विक्रेत्याने स्वतःच्या खात्यात घेतली. मंडळाच्या पोर्टलवर अर्ज झालेलाच नव्हता, आणि पोर्टलचं लॉगिन त्याने स्वतःच्या ईमेलवर बदलून घेतलं होतं. सरकारी फी मध्यस्थाच्या खात्यात द्यायचं काहीच कारण नाही. संमतीपत्राचा अर्ज आणि फी दोन्ही ऑनलाइन, कंपनीच्या लॉगिनमधून. राज्य सरकारचं चलन ‘ग्रास’ या सरकारी पैसे भरण्याच्या पोर्टलवर भरलेलं असेल तर त्यावर जीआरएन हा संदर्भ क्रमांक येतो आणि तो तिथेच पडताळता येतो. शंका राहिली तर सातपूरला उद्योग भवनात मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, अर्ज क्रमांक घेऊन सरळ तिथे जा.

हे फक्त कागदांचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. २१ एप्रिल २०२१ ला नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजन टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावच्या कारखान्यातली आग या जिल्ह्याने पाहिली आहे. निम्मा रिकामा सिलेंडर पॅनलला आग लागल्यावर काय कामाचा?

सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल, आणि जरूर घ्यावं, तर सॉफ्टवेअरवाला आणि तपासणी करणारी एजन्सी वेगळे ठेवा. डेमोमध्ये स्लाइड बघू नका. तुमचंच एक जुनं, मुदत संपलेलं प्रमाणपत्र द्या आणि समोर टाकायला सांगा. नोंद लाल झाली पाहिजे. मग फाइल न जोडता तिकीट बंद करायला सांगा. बंद झालं तर तिथेच थांबा. बंद झालेल्या तिकिटाची तारीख मागे नेता येते का, आणि नेली तर कोणी, कधी, जुनी तारीख काय होती, हे लॉगमध्ये उमटतं का, ते बघा. लॉग पुसायचा अधिकार कोणालाच नसावा, विक्रेत्यालाही नाही. स्मरण ९०, ६०, ३० आणि ७ दिवस आधी जावं, आणि शेवटची दोन मेंटेनन्सला तसंच प्लांट हेडला जावीत. अ‍ॅडमिन लॉगिन कंपनीच्या डोमेनवरच्या ईमेलवर घ्या.

करार वर्षाचा, पैसे तिमाही. सगळा डेटा जोडलेल्या फाइलींसकट कधीही काढून घेता येईल हे करारात लिहून घ्या, आणि पहिल्याच महिन्यात एकदा काढून बघा. या कारखान्याला वाद सुरू होताच लॉगिन बंद करून डेटासाठी वेगळे पैसे मागितले गेले. जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का ते जुळवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रेन आणि प्रेशर व्हेसल तपासणाऱ्या सक्षम व्यक्तीचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं मान्यतापत्र मागा. त्यात मुदत असते आणि कोणत्या साधनांसाठी मान्यता आहे तेही असतं.

फसवणूक आधीच झाली असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी खरी परवानाधारक एजन्सी बोलावून यंत्रणा तपासा आणि दुरुस्त करा, कारण आग तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. मग खोटा फॉर्म बी जिथे सादर केला होता, महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या अग्निशमन कार्यालयात, तिथे लेखी कळवून तो मागे घ्या आणि पोच घ्या. बनावट आहे हे कळल्यावरही तोच कागद वापरत राहिलात, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३४० तुमच्यावरच येऊ शकतं. विक्रेत्याविरुद्ध कलम ३१८ (फसवणूक) आणि ३३६ (बनावट दस्तऐवज) खाली पोलिसांत तक्रार करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी. ग्राहक आयोगावर फार भिस्त ठेवू नका, व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा सहसा त्यांच्या कक्षेत येत नाही.

मागच्या तारखेची नवी प्रमाणपत्रं ‘करून देतो’ म्हणणारे लगेच भेटतील. त्यांना दारात उभं करू नका. जो काळ उघडा राहिला तो तसाच नोंदवा. पुरावा म्हणून फक्त स्क्रीनशॉट ठेवू नका. मूळ ईमेल हेडरसकट (कोणी, कुठून, कधी पाठवला ही आतली माहिती), मूळ पीडीएफ फाइली, बँकेचा उतारा आणि सॉफ्टवेअरचा लॉग एक्सपोर्ट जपा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा, तिच्यावरून काढलेला कोड) लिहायचं असतं. ते फाइल हातात येताच काढून ठेवा. आणि हे सगळं विक्रेत्याला नोटीस पाठवण्याच्या आधी करा, कारण नोटीस पोचली की लॉगिन त्याच संध्याकाळी बंद होतं.