गोळ्या की सीबीटी? सोळा वर्षांच्या मुलासाठी

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलं: मुलगा काही महिने गप्प आहे, कॉलेजचं नाव काढलं की पोट दुखतं. डॉक्टर गोळ्या सुचवतात, नातेवाईक सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती. काय करावं?

अशा लक्षणांमागे चिंता असू शकते किंवा नैराश्य, आणि उपचारांच्या परिणामात हे दोन्ही आजार वेगळे वागतात. चिंतेवरच्या २००८ च्या अमेरिकी अभ्यासात १२ आठवड्यांनी सीबीटीने ६० टक्के मुलं सुधारली, सर्ट्रालिन या गोळीने ५५, दोन्ही मिळून ८१. नैराश्यावरच्या २००४ च्या अभ्यासात मात्र सीबीटीने ४३ टक्के, फ्लुओक्सेटीन या गोळीने ६१, दोन्ही मिळून ७१. म्हणून आधी निदान नीट करून घ्या, ताई.

कष्ट सीबीटीत जास्त. "मी नापासच होणार" हा विचार वहीत लिहायचा, त्याचे पुरावे तपासायचे, टाळलेल्या वर्गात आधी दहा मिनिटं बसायचं. मुलाची तयारी हवीच. आठवड्याला जळगाव किंवा धुळे गाठणं कापूस वेचणीत कठीणच, पण व्हिडिओ कॉलवरही सीबीटी होते. शिकलेली ही सवय उपचार संपल्यावरही हाताशी राहते, आणि मला तीच मोठी जमेची बाजू वाटते.

गोळी स्वस्त, सोपी. पण असर दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा लक्ष ठेवा. मनाने गोळी बंद करू नका.

चिंता सौम्य-मध्यम असेल, मुलगा बोलायला तयार असेल, तर सीबीटीपासून सुरुवात करा. अंथरुणातून उठवत नसेल, जेवण-झोप गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन दोन्हींबद्दल विचारा. जिवाचं बोलत असेल तर आजच दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो.